भाड्याची खोली

नेरूळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात आत्याची पंचवीसेक वर्षं गेली. आधी क्लार्क, मग कार्यालयीन अधीक्षक. पण जून उजाडला की अकरावीच्या प्रवेशाच्या खिडकीवर तीच बसायची, कारण चिडलेल्या पालकांशी शांतपणे बोलणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. त्या खिडकीवर दोन तऱ्हेची माणसं दरसाल रडवेली होऊन यायची. एकाच्या मुलीचं नाव पहिल्या फेरीत लागलेलं नसायचं, आणि आता सगळं संपलं असं स्वतःच ठरवून त्याने भलत्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्याचे पैसे भरलेले असायचे. दुसऱ्याला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालेलं असायचं, पण ‘पुढच्या फेरीत अजून बघू’ म्हणून तो प्रवेश घ्यायलाच जायचा नाही, आणि नियमाप्रमाणे त्याला पुढच्या नियमित फेऱ्या बंद व्हायच्या. म्हणून कुणीही खिडकीशी आलं की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “निर्णय झालाय, की व्हायचाय?”

तिला दोन भाऊ. थोरला नेरूळलाच राहणारा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात नोकरीला. धाकट्याचं खारघरला इलेक्ट्रिकलच्या सामानाचं दुकान. थोरल्याची मुलगी आणि धाकट्याचा मुलगा एकाच वर्षी बारावी सायन्सला होते, आणि दोघांनीही अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज भरले होते.

भाचीने आपला अर्ज ‘अर्ली डिसिजन’मध्ये टाकला होता. 1 नोव्हेंबरची मुदत, डिसेंबरच्या मध्यावर उत्तर, आणि घेतलं तर तिथेच जाणार, बाकीचे अर्ज मागे घेणार, अशी लेखी हमी. इतकं मनापासून एका ठिकाणी अडकल्यावर तिने दुसरीकडे अर्जच केला नव्हता. 2024 च्या डिसेंबरात निकाल लागला तो तिकडच्या संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. घरातले सगळे लॅपटॉपभोवती उभे. स्क्रीनवर होही नव्हतं आणि नाहीही नव्हतं. अर्ज ‘डिफर’ केला आहे, असं लिहिलं होतं.

“सरळ नाही म्हणायची लाज वाटते त्यांना,” थोरला म्हणाला आणि अंघोळीला निघून गेला. भाची दार लावून झोपली ती दुपारपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आत्या आली. तिने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “यात निर्णय झालाय कुठे?”

मग तिने समजावून सांगितलं ते असं. नोव्हेंबरात आलेल्या अर्जांतून विद्यापीठ काही जणांना घेतं, काहींना नाकारतं. उरतात ते असे, की त्यांच्याबद्दल समितीला आत्ताच काही ठरवायचं नसतं. जानेवारीत येणारे हजारो अर्ज बघू, बारावीचे पुढचे मार्क बघू, मग ठरवू, असं म्हणून ती फाईल पुढच्या ढिगात ठेवतात. पुन्हा फी नाही, पुन्हा अर्ज नाही. मार्चच्या अखेरीस इतरांबरोबर हिचंही उत्तर येणार. फाईल अजून उघडी आहे, म्हणजे तिच्यात कागद घालता येतो. आणि घरात कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, की डिफर झाल्याबरोबर ती हमी गळून पडली. मुलगी मोकळी झाली. दुसरीकडे अर्ज करायची बहुतेक ठिकाणची मुदत 1 जानेवारीच्या आसपास असते.

“म्हणजे तुझ्याकडे दोन आठवडे आहेत,” आत्या म्हणाली. “झोपून काढायचे असतील तर काढ.”

पुढचे दोन आठवडे त्या घरात काय चाललं होतं ते तपशिलात सांगण्यासारखं आहे, कारण डिफर झालेल्या पोरांच्या घरी नेमकं हेच राहून जातं. विद्यापीठाला ‘मिड-इयर रिपोर्ट’ हवा होता. तो विद्यार्थ्याने पाठवायचा नसतो, शाळेच्या काउन्सेलरने अधिकृत ईमेलवरून चढवायचा असतो. आपल्या बोर्डाच्या किती ज्युनियर कॉलेजांत असा काउन्सेलर असतो? भाचीच्या कॉलेजात नव्हताच. वर्गशिक्षिकेने ते काम अंगावर घ्यायचं कबूल केलं, पण कॉलेजच्या नावाचा ईमेल प्राचार्यांकडे, आणि त्याचा पासवर्ड कॉम्प्युटर लॅबमधल्या सरांकडे. सहामाहीचे मार्क हाती होते, प्रिलिमचे जानेवारीत लागणार होते. आत्याने थोरल्याच्या डायनिंग टेबलावर सगळे कागद मांडले: सहामाहीची मार्कशीट, तिच्यावरचा गोल शिक्का अर्धाच उमटलेला, म्हणून परत जाऊन पुरा उमटवून आणायची, शंभरपैकी किती हे इंग्रजीत स्पष्ट लिहिलेला एक कागद, महाराष्ट्र बोर्डात ऐंशी टक्के म्हणजे काय, हे परक्या माणसाला कळावं म्हणून प्राचार्यांच्या सहीचं चार ओळींचं टिपण. परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू होणार, निकाल मे महिन्यात लागणार, हेही त्यात आलं. तिकडच्या समितीला आपली परीक्षा कधी असते हे ठाऊक असेलच असं धरून चालू नये.

राहिलं पत्र. भाचीने पहिला खर्डा लिहिला तो सगळा आर्जवाचा. हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न, मला एक संधी द्या, वगैरे. आत्याने तो बाजूला ठेवला. “नोव्हेंबरनंतर तू काय केलंस, ते सांग. जुनं त्यांच्याकडे आहे.”

नोव्हेंबरनंतर भाचीने एक वही भरली होती. नेरूळच्या डीपीएस तलावाशी ती रविवारी सकाळी जायची. तिथे खाडीचं भरतीचं पाणी पूर्वीसारखं येत नाही म्हणून फ्लेमिंगोंचं खाणं कमी होतं, अशी तिथल्या पक्षीप्रेमींची तक्रार. पलीकडे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 साली जाहीर झालेलं आणि 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं. तिथून भरतीच्या वेळी थवे नेरूळकडच्या तळ्यांवर उतरतात. वहीत डावीकडे भरतीची वेळ, मध्ये काठावर रोवलेल्या काठीवरची पाण्याची खूण, उजवीकडे पक्षी किती. काही पानांवर चिखलाचे डाग. तिला हे अर्जात घालण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण त्यात बक्षीस नव्हतं. आत्याने त्या वहीच्या दोन पानांचे फोटो काढायला लावले आणि पत्र एका पानात बसवलं: काय बघते, का बघते, त्यातून काय प्रश्न पडला, आणि अजूनही तुमच्याकडे यायची इच्छा आहे. एवढंच. विद्यापीठाच्या सूचनेत एकच पत्र पाठवा असं लिहिलं होतं, म्हणून एकच पाठवलं.

त्याच पंधरवड्यात तीन ठिकाणी नवे अर्ज गेले. अर्जागणिक पाऊणशे-ऐंशी डॉलरची फी थोरल्याने कुरकुरत भरली. वहीची हकिकत त्या तिन्ही अर्जांत गेली.

धाकट्याच्या घरी तोवर सगळं शांत होतं. त्याच्या मुलाने सगळे अर्ज जानेवारीच्या मुदतीत केले होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याला दोन उत्तरं आली. एका सरकारी विद्यापीठाने घेतलं होतं आणि फीत बऱ्यापैकी सूटही दिली होती. दुसरं विद्यापीठ फार नावाजलेलं. त्याने ‘वेटलिस्ट’वर ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात भाचीचंही उत्तर आलं. डिफर करणाऱ्या विद्यापीठाने शेवटी नाही म्हटलं. जानेवारीच्या मुदतीआधी पाठवलेल्या तीन अर्जांपैकी एका ठिकाणी घेतलं, आणि पत्रात खाली हाताने लिहिलं होतं की तलावाबद्दल आणखी ऐकायला आवडेल. भाचीने एप्रिलमध्येच होकार कळवून डिपॉझिट भरलं.

धाकट्याने यातून जो अर्थ काढला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यातले पुष्कळ जण तोच काढतील. त्याला वाटलं, पुतणीने एकच पत्र पाठवलं म्हणून जमलं नाही. जोर कमी पडला. त्याने मुलाला दर आठवड्याला ईमेल करायला लावलं. क्लासच्या सरांचं शिफारसपत्र, ओळखीच्या एका माजी नगरसेवकाचं शिफारसपत्र, सातवीतल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट, सगळं तिकडे गेलं. आणि घेतलेल्या विद्यापीठाचं डिपॉझिट मात्र भरायचं नाही, असं त्याने ठरवलं. तिथे पैसे भरले तर वेटलिस्टवाल्यांना कळेल आणि ते नाव काढतील, ही त्याची धास्ती. शिवाय चार-पाचशे डॉलर बुडीत कशाला घालायचे?

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आत्या खारघरला गेली. भाच्याची सीईटी नुकतीच झाली होती.

“ताई, डिफरच्या वेळी तूच म्हणालीस ना, निर्णय व्हायचाय म्हणून हातपाय हलवा?” धाकटा म्हणाला. “मग आता का गप्प बसायचं?”

“तेव्हा त्यांना तिच्याबद्दल ठरवायचं होतं. याच्याबद्दल ठरवून झालंय. मुलगा चांगला आहे, पण जागा नाही, असं लिहून दिलंय त्यांनी. आता तिकडे फक्त आकडा बघतात.”

आकडा म्हणजे असा. विद्यापीठ जागांपेक्षा जास्त मुलांना प्रवेश देतं, कारण सगळे येत नाहीत हे त्यांना माहीत असतं. 1 मेपर्यंत मुलांनी हो की नाही ते कळवायचं. त्या दिवशी पुरेशा मुलांनी हो म्हटलं तर वेटलिस्टला कुणी हातच लावत नाही. काही नामवंत विद्यापीठांनी काही वर्षी यादीतल्या एकालाही घेतलेलं नाही. जागा कमी भरल्या तर मे-जूनमध्ये यादीतून बोलावणं येतं, पण त्यातही पहिला-दुसरा असा क्रम बहुतेक ठिकाणी नसतो. ज्या विषयाला मुलं कमी पडली तिथलं बघतात. फी माफीची रक्कम तोवर बऱ्याच ठिकाणी वाटून संपलेली असते. म्हणजे या यादीतल्या मुलाचं नशीब त्याच्या मार्कांवर नाही, अनोळखी मुलांच्या होकारावर लटकलेलं असतं. यादीत राहायचं असेल तर तसं मुदतीत कळवायचं, फार तर एक पत्र पाठवायचं, आणि पुढे त्या बाजूला करण्यासारखं काही उरत नाही. करायचं ते दुसऱ्या बाजूला: घेतलेली जागा धरून ठेवायची. त्याने वेटलिस्टवरचं नाव जात नाही. पुढे बोलावणं आलंच तर डिपॉझिटवर पाणी सोडायचं, बस.

“सोसायटीतल्या पाटलांच्या मुलाला मिळालं होतं वेटलिस्टमधून.”

“2020 ला. कोविडचं वर्ष होतं ते. किती मुलं तिकडे गेलीच नाहीत तेव्हा.”

धाकटा बोलेना. आत्याने मग वडिलांची आठवण काढली. वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी. सिडकोच्या घरांच्या सोडतीत त्यांचं नाव प्रतीक्षा यादीत निघालं होतं. सोडत लागलेल्या कुणाचे कागद बाद झाले तर घर यांना मिळायचं. “बाबा सिडकोच्या ऑफिसात चकरा मारत होते का रे? दुसऱ्याचे कागद बाद होणं बाबांच्या हातात होतं का? यादीत नाव होतं, ते त्यांनी राहू दिलं. पण त्या यादीच्या जिवावर तुर्भ्याची भाड्याची खोली सोडली नाही. दर पाच तारखेला भाडं भरत राहिले. घर मिळालं तेव्हा खोली सोडली. ती आधीच सोडली असती तर आपण तिघं कुठे वाढलो असतो?”

धाकट्याला ते पटलं असावं, कारण तो उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पण पटणं आणि पैसे भरणं यात तीन दिवस गेले. मग 1 मे आला. महाराष्ट्र दिन, दुकानाला सुट्टी, सकाळी सोसायटीत झेंडावंदन. रात्री जेवताना बायकोने आठवण करून दिली. “उद्या बघू, त्यांचा दिवस आपल्यानंतर संपतो,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुकानात माल उतरायचा होता. कॉम्प्युटर उघडेपर्यंत दुपार उलटली होती. तिकडचाही दिवस संपला होता.

जागा तशी अजून मिळाली असती. पण फीतली सूट 1 मेच्या होकाराला बांधलेली होती, ती गेली. उरलेली फी दुकान विकूनही भरण्यासारखी नव्हती.

मुलगा बापाला काही बोलला नाही. 5 मेला बारावीचा निकाल लागला, मार्क चांगले होते. त्या आठवड्यांत भाची वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत देऊन आली. व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा आय-ट्वेंटी फॉर्म वेळेत हातात आल्यामुळे तिला मेच्या मध्याची तारीख मिळाली होती. महिनाअखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं जगभर थांबवलं, ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. वेटलिस्टमधून जूनमध्ये बोलावणं आलं असतं, तर त्या कोंडीत सापडलेल्या मुलाला ऑगस्टच्या आत तिकडे पोहोचणं किती जड गेलं असतं, याचा हिशेब कुणीही करू शकेल. बोलावणं आलंच नाही. जूनमध्ये दोन ओळींचा ईमेल आला की यंदा यादी बंद केली आहे.

त्या ईमेलनंतर आत्या पुन्हा खारघरला गेली. या वेळी तिच्या पिशवीत फाईल होती: भाच्याचा डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, सगळ्याच्या साक्षांकित प्रती. इंजिनिअरिंगच्या कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी सुरू होणार होती. तिने भावाला गेल्या गोष्टीवरून एक शब्द ऐकवला नाही. मला तिच्या शहाणपणातली ही बाजू सगळ्यांत मोठी वाटते. कागद लावून दिले, पसंतीक्रम भरताना मुलाशेजारी बसली, आणि एवढंच म्हणाली की वर लिहिशील ते नाव विचार करून लिही, पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर ती घ्यावीच लागते.

2025-26 ला कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत भाच्याला चौथ्या पसंतीचं कॉलेज लागलं. इथे आपल्या राज्यातली सोय अशी आहे की मिळालेली जागा एक हजार रुपये भरून स्वीकारायची आणि ‘बेटरमेंट’साठी पुढच्या फेरीत उतरायचं. वरचं काही मिळालं तर आधीची जागा आपोआप सुटते, नाही मिळालं तर आधीची कायम राहते. मात्र जागा न स्वीकारता नुसतं पुढच्या फेरीची वाट बघत बसलं तर ती हातची जाते, आणि कितीतरी घरांत नेमकं तेच होतं. कारण मोबाईलवर आलेला मेसेज ‘अजून फेऱ्या आहेत’ एवढाच वाचला जातो.

फेरीचा निकाल संध्याकाळी लागला. रात्री दुकान बंद करून धाकटा घरी आला, मुलाला लॅपटॉप उघडायला सांगितला, हजार रुपये भरले, पावती निघाली तिचे दोन प्रिंट काढले, आणि त्यानंतर बहिणीला फोन केला.

“ताई, कॉलेज लागलंय. घेतलं. पुढच्या फेरीलाही टाकलंय.”

पुढच्या फेऱ्यांत वरची पसंती लागली नाही. पहिल्या फेरीत घेतलेली जागाच राहिली. भाची ऑगस्टमध्ये अमेरिकेला गेली. भाचा रोज सकाळी खारघर स्टेशनवरून हार्बरची लोकल पकडून कॉलेजला जातो. वर्गातल्या एका मित्राला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला तो सध्या अर्ज कसे भरायचे ते शिकवतो आहे. त्या बहिणीचा अर्ज या डिसेंबरात डिफर झाला, आणि तिने जानेवारीच्या मुदतीआधी आणखी चार ठिकाणी अर्ज पाठवले आहेत.